हातोडीला सुट्टी

आज दिवसभर नेलगन, म्हणजे हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी गन, चालवली. फटाफट खिळे बसताना बघण्यात वेगळीच मजा आहे. डोकं मात्र खिळा मारण्याआधीच जास्त चालवावं लागतं.

आधी हवेच्या जोडणीत एअर टूलच्या तेलाचे काही थेंब, मग कॉम्प्रेसरचा (हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा) रेग्युलेटर, म्हणजे दाब कमीजास्त करायची कळ. फ्रेमिंगच्या, म्हणजे लाकडी सांगाडा उभारायच्या, बहुतेक गन साधारण ७० ते १२० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) चालतात. गनवर छापलेला कमाल आकडा ओलांडायचा नाही. मी कमी दाबापासून सुरू करते आणि टाकाऊ फळीवर मारून बघते. खिळ्याचं डोकं वर राहिलं तर दाब वाढवायचा, फार खोल गेलं तर उतरवायचा.

ट्रिगरच्या दोन जाती. एकात गनचं तोंड लाकडावर दाबायचं, मग ट्रिगर ओढला की एकच खिळा. दुसऱ्यात ट्रिगर धरून ठेवला की तोंड टेकेल तिथे खिळा! काम भराभर होतं, पण गन उसळून पुन्हा टेकली तर नको असलेला खिळाही सुटतो. मी पहिलाच वापरते. हळू म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

लाकडात गाठ लागली की खिळा वळतो, कधी फळीच्या कडेतून बाहेर येतो. म्हणून फळी धरणारा हात निदान फूटभर लांब. चष्मा आणि कानाचे बोळे तर हवेतच.

दुपारी एक खिळा अडकला. हवेचा पाइप काढला, मगच गन उघडली. नुसता कॉम्प्रेसर बंद करून भागत नाही, टाकीत आणि पाइपात दाब शिल्लक असतोच.