एमएच-११ ची गाडी आणि विश्वामित्रीचं पाणी

साताऱ्याहून कुणाचाही फोन आला की आधी तब्येत विचारतात आणि मग लगेच, पुरात बुडालेल्या गाडीचं काय केलंस गं? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बडोद्याला येऊन दीड वर्ष होत आलं. येताना सामान ट्रकमधे आणि आम्ही आमच्या गाडीतून आलो, २०११ ची छोटी हॅचबॅक, पहिल्या नोकरीतून हप्ते फेडून घेतलेली. नंबर अजून एमएच-११ च. खरं तर बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर गाडी इथल्या आरटीओत नोंदवून जीजे-०६ करून घ्यायला हवी होती, त्यासाठी आधी सातारा आरटीओची एनओसी, मग इथला टॅक्स, मग तिकडचा उरलेला टॅक्स परत मागायचा, आज करू उद्या करू म्हणत ते राहूनच गेलं. पण त्या नंबरामुळे माणसं जोडली गेली हेही खरं. दांडिया बाजारात गाडी लावली की एखादे आजोबा थांबून "साताऱ्याचे का तुम्ही?" असं विचारणार, त्यांच्या चार पिढ्या इथेच गेलेल्या, मराठीत मधेच गुजराती हेल, आणि मग पाच मिनिटं गप्पा.

तर २०२४ च्या जन्माष्टमीला, २६ ऑगस्टला, जो पाऊस लागला तो थांबेचना. आम्ही शहरातल्या अकोटा भागात राहतो, विश्वामित्री नदी शहराच्या मधूनच वाहते आणि आजव्याच्या तलावाचं पाणीही तिच्यातच येतं. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. पार्किंगमधे मगर दिसली असं खालच्या मजल्यावरची पोरं सांगत होती आणि या शहरात ते अजिबात अशक्य नाही, नदीत मगरी आहेतच. वरून बघत होतो, आधी गाडीची चाकं गेली, मग दाराचं हँडल.

पाणी ओसरल्यावर मी किल्ली घेऊन धावतच निघाले होते, शेजारच्या काकांनी जिन्यातच अडवलं. "स्टार्टर मारू नकोस, एकदासुद्धा नको." सिलिंडरमधे पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, पाणी दाबलं जातच नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलंच. शिवाय अशी बुडालेली गाडी चालू करायला जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघांनी किल्ली फिरवली आणि त्यांना ते फार महागात पडलं.

मेकॅनिकने आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी, ओढली. ऑइल काळं नव्हतं, कटिंग चहासारखं दुधाळ झालं होतं. मग सीट काढल्या, कार्पेट उचललं, खाली बोटभर मऊ गाळ आणि त्यात लेकीची एक हरवलेली क्लिप. डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर उपसून त्याने माझ्या हातावर ठेवला, आत पिना हिरव्या पडायला लागल्या होत्या, आठवडाभरात. म्हणाला, "बेन, गाडी चालु थई जशे, पण वायरिंगनी गॅरंटी हुं नहीं आपुं."

इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी होता. जुन्या गाडीला कशाला ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) म्हणून तो दोन वर्षांपूर्वी बंद केला, त्यामुळे क्लेमचा प्रश्नच नाही. खर्च सांगितला अठ्ठ्याहत्तर हजार, त्यात वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरांचा अख्खा जुडगा, धरलेलाच नाही. पूर यायच्या आधी विकली असती तर लाखभर आले असते.

तरीही मी आठ दिवस दुरुस्तीच्याच बाजूने होते. खर्चापेक्षा मला थांबवलं ते कागदाने. खासगी गाडीची आरसी (नोंदणीचा कागद) १५ वर्षांची, म्हणजे आमची २०२६ मधे संपणार. पुढे फिटनेस तपासणी, आणि नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झालीये. म्हणजे ऐंशी हजार घालून मिळणार पावणेदोन वर्षं, त्यातही हायवेवर रात्री कधी लाइट जातील याचा भरवसा नाही. आणि मागच्या सीटवर सहा वर्षांची लेक. आमच्या गाडीत एकही एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, आता नव्या गाड्यांना दोन्ही सक्तीचं आहे. हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला झोप लागेना.

सेकंडहँड बघितल्या पण सध्या या शहरात सेकंडहँड गाडी घ्यायला माझा ठाम विरोध आहे. धुऊन, पॉलिश मारून, परफ्यूम लावून बुडालेल्या गाड्या विकायला उभ्या आहेत. तुमच्याकडेही येतील, तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मुळाशी गाळाची रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. एका गाडीचा बेल्ट मी ओढला तर शेवटचा वीतभर भाग चहाच्या रंगाचा निघाला. विकणाऱ्याला काही न बोलता आम्ही परत आलो.

दसऱ्याला नवीन गाडी बुक केली. सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेत अर्धा तास, संध्याकाळी काकांकडे आपट्याची पानं द्यायला गेलो. दिवाळीत ताबा मिळेल, नंबर जीजे-०६.

जुनी अजून खालीच आहे, ती सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात देणार. त्यांचं प्रमाणपत्र नव्या गाडीच्या नोंदणीआधी हातात आलं तर रोड टॅक्समधे २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची तरतूद आहे, म्हणून घाई. अडलंय एवढ्यावरच की आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच दिसतोय, कर्ज कधीच फिटलं पण तो आम्ही उतरवलाच नाही. बाबा, माझ्या कपाटात निळी फाईल आहे, त्यातली बँकेची एनओसी आता चालणार नाही पण लोन नंबर तिच्यावरच आहे, तेवढा फोटो आज रात्रीच पाठवा.