ओहायोत हरणासाठी क्रॉसबो: आतेभावाच्या सगळ्या प्रश्नांची एकदाच उत्तरं

डब्यावर छापलेला बाणाचा स्पीड बघून क्रॉसबो (बंदुकीसारखा ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य) घेऊ नकोस, हे माझ्या आतेभावाला व्हॉट्सॅपवर इतक्या वेळा सांगून झालंय की आता इथेच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. तो कोलंबसला नोकरीला गेलाय, ऑफिसातल्या लोकांनी त्याला शिकारीचा नाद लावलाय आणि त्याची तिकडची सकाळ झाली की इकडे आमच्या जेवणाच्या वेळी क्रॉसबोचे फोटो यायला लागतात. मी काही वर्षं त्याच भागात होतो, तिथे शिकलो, शिकार पण केली, आता परत इंदूरला येऊन पीथमपूरला नोकरी करतोय, त्यामुळे घरात या विषयातला एक्सपर्ट म्हणजे मीच.

आधी एक गोष्ट साफ. हे सगळं अमेरिकेतलं, ओहायोतलं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद म्हणजे बंद, काळवीट तर शेड्यूल एकमध्ये म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे भिया, कुणी हे वाचून महूच्या जंगलात जायचं डोक्यात आणू नका. इंदूरजवळ राळामंडळला होळकरांचं शिकारगाह आहे ते बघा, खाली चितळ फिरतात त्यांचे फोटो काढा, बास. २०२५ मध्ये शाजापूरकडे काळविटं शेतं खाऊन टाकतात म्हणून वनखात्याने हेलिकॉप्टर लावून ती हाकत हाकत पकडली आणि दुसरीकडे नेऊन सोडली, मारली नाहीत, ही आपली पद्धत. तिकडची वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळजवळ संपत आलं होतं, आता अख्ख्या देशात अंदाजे ३ कोटी आहेत, मक्याची शेतं खातात, रस्त्यावर गाड्यांना आडवी येतात, आणि लायसन्स घेऊन केलेली शिकार हाच तिथल्या सरकारचा त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचा मुख्य मार्ग आहे. आत्याला हे पटणार नाही, ती विचारेल हरणाने तुझं काय वाकडं केलं होतं. ते तुझं तू बघ, मी मधे पडणार नाही.

बंदूक न घेता क्रॉसबोच का, असं तू विचारलंस. तुझ्यासारख्या एचवनबीवाल्याला बंदूक म्हणजे झंझट, व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक ठेवता येत नाही, हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे पण कागदपत्रं सांभाळत बसा. क्रॉसबो त्या कायद्यात फायरआर्ममध्ये येतच नाही. दुसरं म्हणजे ओहायोत धनुष्यबाणाचा सीझन सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो तो थेट फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, बंदुकीला मोजके दिवस मिळतात. आणि साधं, हाताने ओढायचं कंपाउंड (चाकं-केबल्सवालं) धनुष्य घेतलंस तर महिनोन् महिने रोज सराव पाहिजे, हरीण समोर आल्यावर दोरी ओढावी लागते आणि नेमकी तीच हालचाल त्याला दिसते. क्रॉसबोची दोरी आधीच मागे ओढून चढवलेली असते, फक्त ट्रिगर दाबायचा. ओहायोत साध्या धनुष्यापेक्षा क्रॉसबोने मारलेली हरणं जास्त असतात ती उगाच नाही.

आता स्पीड. दुकानात जो तो ४०० फूट पर सेकंद, ४५० फूट पर सेकंद करत असतो. बघ, ४०० ग्रेनचा (साधारण २६ ग्रॅमचा) बाण ३५० च्या स्पीडने सुटला तर त्यात अंदाजे १०९ फूट-पाउंड एनर्जी असते, ४५० ने सुटला तर १८०. आणि हरणासाठी २५ ते ४० पुरते असं बाण बनवणारेच सांगतात. म्हणजे स्वस्तातल्या क्रॉसबोमध्ये सुद्धा लागते त्याच्या दुप्पट-तिप्पट आहे, वरचे पैसे कशाला? यावर दुकानदार म्हणतो की हरीण आवाजाने दचकतं म्हणून स्पीड पाहिजे. दचकतं हे खरं आहे, दोरीचा आवाज कानावर पडला की ते पळण्यासाठी आधी पाय वाकवून खाली बसतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. पण हिशेब करून बघ ना. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो, बाण कितीही भारी असला तरी आवाजाच्या मागेच पोचणार. ३० यार्डावर (यार्ड म्हणजे तीन फूट) ३५० वाल्या बाणाच्या आधी हरणाला पावणेदोन दशांश सेकंद मिळतात. ४५० वाल्याने ५० यार्डावरून मारलंस तर जवळजवळ दोन दशांश मिळतात, म्हणजे महागडा क्रॉसबो घेऊन लांबून मारणाऱ्यापेक्षा साधा घेऊन जवळून मारणारा फायद्यात! आणि हे बाण वाटेत अजिबात हळू होत नाही असं धरून, खरं तर तो होतो, म्हणजे लांबचा हिशेब अजूनच बिघडतो. स्पीड जास्त म्हणजे आवाज पण जास्त, झटका जास्त, दोरीची झीज जास्त, ते वेगळंच.

तर मग बघायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट ही की तुला स्वतःला, थंडीत, जाड जाकीट घालून, कुणाची मदत न घेता दोरी चढवता येते का. १८० पाउंडाचा क्रॉसबो म्हणजे दोरी ओढायला ८२ किलोचा जोर (यालाच ड्रॉ वेट म्हणतात), नुसत्या हाताने ओढायच्या भानगडीत पडूच नकोस, हातातली ताकद डावी-उजवी सारखी नसते, दोरी थोडीशी जरी एका बाजूला चढली तरी बाण भलतीकडे जातो. दोरीचा कॉकिंग रोप मिळतो, त्याने वजन निम्मं होतं आणि दोन्ही बाजू सारख्या येतात, क्रॉसबोच्या पुढच्या कडीत बूट नीट अडकवायचा आणि पाठ सरळ ठेवून उठायचं. मुख्य दोरीवर मधोमध दोन्ही बाजूंना मार्करने खूण करून ठेव, चढवल्यावर खुणा रेलला (बाण ज्यावरून सरकतो ती पट्टी) चिकटल्यात का बघायचं. हँडल फिरवून चढवायचा क्रँक असतो तो अजून सोपा, पण हळू आणि महाग, पाठीचा त्रास असेल तर मात्र तोच घे. तुझी पाठ कशी आहे ते मला माहीत आहे, सोळा तास खुर्चीत बसणारा माणूस तू.

दुसरं, रिकर्व्ह की कंपाउंड. रिकर्व्हमध्ये चाकं-केबल्स काही नाही, कॅनडाचं एक्सकॅलिबर त्यासाठी नावाजलेलं, दोरी तुटली तर जंगलात उभ्या-उभ्या स्वतः बदलता येते. पण रुंदी जास्त, झाडावर बसून वळायला अडचण. कंपाउंड अरुंद, काही तर चढवल्यावर वीतभर रुंद राहतात, मस्त वाटतात हातात, पण दोरी-केबल बदलायला प्रेस (कमान दाबून धरायचं यंत्र) लागते म्हणजे दुकानाची चक्कर. टेनपॉइंट ओहायोचीच कंपनी आहे, तिचाच स्वस्त ब्रँड विकेड रिज. मला विचारशील तर पहिल्यांदा घेणाऱ्याने मधल्या किमतीचा कंपाउंड घ्यावा, चांगल्या ट्रिगरचा, आणि वाचलेल्या पैशात रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र), चांगले बाण आणि सेफ्टी हार्नेस (झाडावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) घ्यावा. तीन-चारशे डॉलरपासून सुरू होतात, वर दोन-तीन हजार पण मोजणारे आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ. ओहायोचा नियम किमान ७५ पाउंड ड्रॉ वेटचा आहे, बाजारातला कुठलाही हरणाचा क्रॉसबो त्याच्या वरच असतो. दुकानात खांद्याला लावून बघ, पुढून जड असतात हे सगळे, तीन-साडेतीन किलो म्हणजे हातात दोन मिनिटांनी हात थरथरायला लागतो, म्हणून शूटिंग स्टिक किंवा स्टँडची (झाडावर बसायच्या माचाणाची) रेलिंग, काहीतरी टेकू पाहिजेच.

बाणांच्या बाबतीत चिंधीगिरी करू नकोस. कंपनी म्हणते तेवढ्या वजनाचाच किंवा त्याहून जड बाण, हलका कधीच नाही, कारण हलका बाण म्हणजे अर्धा ड्राय फायर, बाण न लावताच दोरी सोडल्यासारखं. आणि बाणाशिवाय ट्रिगर दाबला गेला तर कमान, दोरी, चाकं, सगळ्याचा चुराडा होऊ शकतो, तुझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. बाणाच्या मागच्या टोकाचे नॉक (दोरीला टेकणारी टोपी) पण तऱ्हेतऱ्हेचे असतात, सपाट, अर्धचंद्र, दोरी पकडणारे, मॅन्युअलमध्ये जो लिहिलाय तोच. इंटरनेटवर सहा बाण स्वस्तात मिळाले म्हणून नॉक न बघता घेणारे लोक असतात, तसलं नको. आणि डावा अंगठा! पुढचा हात जिथे धरतोस तिथे अंगठा रेलच्या वर येता कामा नये, ती दोरी सुटताना मधे जे येईल ते घेऊन जाते.

टोकाला ब्रॉडहेड, म्हणजे धारदार पात्यांचं टोक. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो आणि रक्त जाऊन हरीण मरतं, त्यामुळे सगळा खेळ पात्याच्या धारेचा आहे. फिक्स्ड पात्यांचा घे किंवा लागल्यावर उघडणारा मेकॅनिकल घे, दोन्हींवर लोक तासन् तास भांडतात, मी फिक्स्डवाला, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त फिक्स्ड हवेत थोडा वेगळा उडतो म्हणून सरावात त्याच वजनाचं साधं टोक वापरून झालं की सीझनच्या आधी खऱ्या ब्रॉडहेडने पण मारून बघ, एक वेगळा काढून ठेव त्याच्यासाठी. सरावाला वापरलेली पाती शिकारीला नाही.

सराव म्हणजे काय, तर अंगणात टेबलावर टेकवून पाच बाण एका जागी बसले की लोक खूश होतात. खाली बसून मार, उंचावरून मार, हातमोजे घालून मार, संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर मार. स्कोप आधी २० यार्डावर सेट कर, मग ३०, ४०. एकाच ठिपक्यावर बाण मारत बसू नकोस, मागच्या बाणावर पुढचा बसला की दोन्ही गेले, वीस-वीस डॉलर. आणि टार्गेटवर ६० यार्डावरून बसतोय म्हणून हरणावर ६० वरून मारायचं नाही. टार्गेट हलत नाही, हरीण एक पाऊल पुढे टाकतं आणि फुप्फुसाचा बाण पोटात जातो. पहिल्या सीझनला ३० यार्ड, त्याच्यापुढचं हरीण बघायचं आणि सोडून द्यायचं.

झाडावर बसणार असशील तर हार्नेस जमिनीवरून पाय उचलायच्या आधी लावायचा, वर पोचल्यावर नाही, शिकारीतले खूप सारे अपघात हे झाडावरून पडण्याचे असतात. क्रॉसबो खाली बाण न लावता दोरीला बांधून ठेवायचा आणि वर बसल्यावर ओढून घ्यायचा. नेम धरताना कमानीच्या दोन्ही टोकांना फांदी किंवा रेलिंग लागत नाही ना बघ, सुटताना त्या झटक्यात बाहेर येतात. वारा हरणाकडून तुझ्याकडे यायला पाहिजे, नाहीतर सकाळच्या अमृतांजनच्या वासानेच सगळं जंगल रिकामं होईल.

नेम कुठे, तर हरीण आडवं उभं असेल किंवा थोडं पाठ फिरवून तिरकं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. समोरून नाही, पाठमोरं नाही, आणि मधे बारीक काडी जरी असली तरी नाही, काडीने बाण वळतो. उंचावरून मारताना बाण पलीकडून कुठून बाहेर येईल ते मनात धरून नेम धर. बाण सुटला की लगेच खाली उतरायचं नाही, ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हरीण कुठल्या झाडापाशी होतं, कुठे पळालं, शेवटचं कुठे दिसलं, हे लक्षात ठेव, बाणाला दिवा असलेला नॉक असेल तर बाण सापडतो. मग बाण बघ. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघ, बहुतेक शे-दीडशे यार्डात पडलेलं असेल. काळपट लाल म्हणजे लिव्हर, चार-सहा तास. हिरवं-तपकिरी आणि वास मारतंय म्हणजे पोट, मग गुपचूप मागे फिर आणि आठ-बारा तासांनी ये, आधी गेलास तर ते उठून मैलभर जाईल आणि कुणालाच मिळणार नाही. ज्याला इतकं थांबणं जमणार नाही त्याने क्रॉसबो घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, यावर कमेंटमध्ये भांडलात तरी चालेल.

कागदपत्रं थोडक्यात: पहिल्या लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, वर हरणाचं परमिट वेगळं, सहा महिने ओहायोत राहिला असशील तर रेसिडेंटच्या रेटमध्ये. खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी खिशात, तोंडी चालत नाही. बंदुकीच्या सीझनमध्ये तुझ्याकडे क्रॉसबो असला तरी नारिंगी जाकीट घालावंच लागतं. हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत गेम चेक म्हणजे शिकारीची सरकारी नोंद, ॲपवर होते. मांस एवढं येतं की तुझा एकट्याचा फ्रीझर पुरणार नाही, तिथे फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री म्हणून संस्था आहे, ठरलेल्या कसायाकडे दिलं तर ते गरजू लोकांच्या अन्नकेंद्रात पोचवतात.

आणि दिवस संपला, हरीण आलं नाही, तर चढवलेला क्रॉसबो तसाच गाडीत टाकायचा नाही. ज्या मॉडेलमध्ये डीकॉक करायची (बाण न सोडता दोरी उतरवायची) सोय आहे तिथे तसं, नाहीतर एक जुना बाण टार्गेटमध्ये किंवा मऊ मातीत मारून मोकळा कर. दोरीला मेण लावत राहा, रेलला कंपनी सांगेल ते तेल, आणि एखादा जरी धागा तुटलेला दिसला तरी दोरी बदल. बदलायचं काम ऑगस्टमध्येच उरकून घे, सप्टेंबरमध्ये सगळ्यांना एकदम आठवण येते आणि दुकानात दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही.