मानेच्या पट्ट्याआड दडलेली अर्धशिशी

सोलापूरच्या पूर्व भागात मी गेली १८ वर्षे दवाखाना चालवते. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली तेंदूची पाने, हातात दोरा आणि मान खाली, अशा बैठकीत त्यांचा दिवस जातो. त्यामुळे ‘मान दुखते, डोकं दुखतं, चक्कर येते’ या तीन तक्रारी एकत्र ऐकल्या की कारण समोरच बसले आहे असे मला वाटत असे, आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधीच माझा हात मानेच्या एक्स-रेची चिठ्ठी लिहू लागे. त्या सवयीत किती चूक होती, हे मला एका मे महिन्यातल्या दुपारी कळले.

त्या बाई ३८ वर्षांच्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या, माझ्याशी मराठीत. दोन वर्षांपूर्वी त्या प्रथम आल्या तेव्हा मी त्यांचा एक्स-रे काढून घेतला होता. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली जागा थोडी कमी झाली होती. मी केसपेपरवर ‘सर्व्हायकल स्पाँडिलोसिस’, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज, असे लिहिले, मानेला पट्टा दिला, वेदनाशामक आणि चक्करेची गोळी दिली. पुढच्या दोन वर्षांत त्या अनेकदा आल्या आणि दर वेळी मी गोळ्यांचे नाव बदलले, निदान मात्र तेच ठेवले.

त्या दुपारी सासूबाईंनी त्यांना रिक्षातून आणले. सकाळपासून तीन उलट्या झाल्या होत्या, मानेत पट्टा होता, चालताना भिंतीचा आधार घ्यावा लागत होता. मी तपासायला सुरुवात करणार, तोच वीज गेली. खिडकीचा पडदा ओढलेला असल्याने खोलीत बराच काळोख झाला. इन्व्हर्टर बिघडलेला होता म्हणून आम्ही तशाच बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी त्या हळूहळू सावरल्या आणि सासूबाईंशी दोन वाक्ये बोलल्याही. मग वीज आली, ट्यूबलाइट दोन-तीनदा लुकलुकून लागली, आणि त्याच क्षणी त्यांनी पदर डोळ्यांवर ओढून दोन्ही हातांनी दाबून धरला. ‘मॅडम, तो दिवा बंद करा, पाया पडते,’ एवढेच त्या म्हणाल्या.

झिजलेल्या मणक्याला दिव्याचा त्रास होत नाही. ही एवढी साधी गोष्ट मला दोन वर्षे सुचली नव्हती, याची त्या क्षणी मला फार लाज वाटली. मी दिवा मालवला, उलटी थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि बाहेरच्या रुग्णांना थोडे थांबायला सांगून त्यांच्या आजाराची हकीकत पहिल्यापासून विचारायला बसले.

डोके कधीपासून दुखते? लग्नाआधीपासून. पूर्वी महिन्यातून एकदा, बहुधा पाळीच्या आदल्या दिवशी. दोन-अडीच वर्षांपासून जवळजवळ रोज. कसे दुखते? मानेत आखडल्यासारखे होते, तिथून कळ वर चढते आणि उजव्या डोळ्यामागे ठणकू लागते. दुखत असताना घरातल्यांचे बोलणे सहन होते का? नाही. तंबाखूचा रोजचा वास? त्या दिवशी तोच वास पोटात ढवळून काढतो. उलटी झाल्यावर कसे वाटते? ‘पित्त पडलं की बरं वाटतं, मग झोप लागते.’ लहानपणी एस.टी.चा प्रवास सोसायचा का? अजूनही सोसत नाही. तुमच्या आईला असे काही होते का? यावर सासूबाईच उत्तरल्या, ‘तिच्या आईला अर्धशिशी होती की. कपाळाला फडकं बांधून अंधारात पडायची.’

आपल्याकडे डोके दुखून उलटी झाली की तिला पित्त म्हणण्याची इतकी जुनी रीत आहे की रुग्णाला त्यात विचारण्यासारखे काही वाटत नाही, आणि डॉक्टरही आम्लपित्ताची गोळी लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच, म्हणजे मायग्रेनचा भाग असतो. हल्ल्याच्या वेळी जठराचे काम मंदावते. उलटीनंतर हल्ला ओसरणे हेही पुष्कळ रुग्णांत दिसते आणि त्यामुळे पित्तावरचा विश्वास आणखी पक्का होतो.

चक्करेबद्दल मी अधिक बारकाईने विचारले, कारण ‘चक्कर’ या एका शब्दात आपण अनेक निरनिराळ्या गोष्टी घालतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, चालताना तोल जातो का, की खोली फिरते? त्या म्हणाल्या, ‘बोटीत बसल्यासारखं हलतं, मान वळवली की जास्त.’ किती वेळ? कधी तासभर, कधी दिवसभर. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंदच खोली गरगर फिरत असेल, तर आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागचे हलल्याची शंका घ्यावी लागते आणि तो त्रास डोके ठरावीक पद्धतीने वळवून बहुधा त्याच बैठकीत बराही करता येतो. मी त्यांना टेबलावर बसवले, डोके एका बाजूला वळवून झटकन आडवे केले आणि डोळ्यांच्या बुबुळांकडे पाहत राहिले. दोन्ही बाजूंना बुबुळे स्थिर होती, म्हणजे खड्यांचा दोष दिसत नव्हता. तासन्‌तास टिकणारी, उजेड आणि आवाज नकोसा करणारी, डोकेदुखीच्या सोबतीने येणारी ही चक्कर मायग्रेनचीच होती. माझ्या शिक्षणाच्या काळात ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’ हे नाव आम्हाला कोणी शिकवले नव्हते. त्याचे निकष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१२ साली एकत्रितपणे ठरवले. किमान ५ वेळा, ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकणारी चक्कर, मायग्रेनचा पूर्वेतिहास, आणि निदान निम्म्या हल्ल्यांत मायग्रेनची इतर लक्षणे. माझ्यासमोरच्या बाई त्यात तंतोतंत बसत होत्या.

मग मानदुखीचे काय? हा प्रश्न सासूबाईंनीही विचारला आणि तो योग्यच होता. चेहऱ्याची व डोक्याची संवेदना वाहणारी मोठी नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मेंदूच्या खालच्या टोकाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. तिथे एकीची वेदना दुसरीच्या हद्दीत जाणवते. म्हणून मायग्रेन सुरू होताना मान आखडते, आणि मान आखडली म्हणून डोके दुखते असे रुग्णाला प्रामाणिकपणे वाटते. मानेमुळे होणारी डोकेदुखीही असते, नाही असे नाही. पण ती बहुतांशी मानेच्या अगदी वरच्या सांध्यांतून येते आणि मानेच्या हालचाली कमी झालेल्या असतात. मी ज्या पाचव्या-सहाव्या मणक्यांवर ठपका ठेवला होता, तिथली झीज चाळिशीच्या आसपास कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या एक्स-रेतही सर्रास दिसते. हे मला ठाऊक होते, तरी फोटोतली खूण हातात आल्यावर मी रुग्णाचे ऐकणे थांबवले.

आता रोज दुखण्याचा उलगडा राहिला होता. ‘घरी कोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारताच त्यांनी कमरेची कापडी पिशवी सोडून टेबलावर उपडी केली. माझ्या गोळ्या, मेडिकलवाल्याकडच्या गोळ्या, शेजारणीने दिलेल्या गोळ्या. मी रिकाम्या आणि अर्ध्या पट्ट्या एकेक करून मोजल्या. महिन्यातले २५-२६ दिवस त्या कुठली ना कुठली वेदनाशामक गोळी घेत होत्या, कधी दोनदा. महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस साधी वेदनाशामके, अथवा १० दिवस मिश्र औषधांच्या गोळ्या, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले तर त्या गोळ्याच मायग्रेन असलेल्या माणसाची डोकेदुखी रोजची करून टाकतात. गोळीचा असर उतरला की दुखते, दुखले की पुन्हा गोळी. त्या पिशवीतल्या निम्म्या पट्ट्यांवर माझ्याच चिठ्ठीतली नावे होती. चक्करेची गोळीही दोन वर्षे अखंड चालू होती. ती थोड्या दिवसांसाठी असते, फार काळ घेतल्यास हातापायांत कंप आणि ताठरपणा येऊ शकतो.

‘डोक्याचा मोठा फोटो काढायचा का?’ सासूबाईंनी विचारले. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर सूज नाही ना ते पाहिले, हातापायांची ताकद, बोलणे, नाकाला बोट लावणे आणि सरळ रेषेत चालणे तपासले. सर्व ठीक होते आणि त्रासाची जात वीस वर्षे तीच होती, म्हणून त्या खर्चाची गरज नव्हती. मात्र कधी घाई करायची हे मी दोघींना स्पष्ट सांगितले. विजेसारखी एकदम उठलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. तापाबरोबर ताठ झालेली मान. एका बाजूचा लुळेपणा, तिरपे तोंड, जड जीभ, एकाच्या दोन वस्तू दिसणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी. यांपैकी काही झाले तर माझ्या दवाखान्यात न थांबता थेट मोठे रुग्णालय गाठायचे.

सासूबाईंच्या ओळखीत एक मान बसवून देणारा माणूस होता आणि दुसऱ्या दिवशी तिकडे जायचे ठरलेही होते. ते मी निक्षून थांबवले. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. मानेला अचानक हिसका बसला तर क्वचित त्यांचे आतले अस्तर फाटते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. केशकर्तनालयात दाढीनंतर कडकन मान मोडून घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

उपचार सांगायला सोपे आणि पाळायला कठीण होते. पट्टा काढला, कारण तो दीर्घकाळ वापरल्याने मानेचे स्नायू अधिकच दुबळे होतात. रोजची वेदनाशामके बंद केली आणि पुढचा आठवडा-दहा दिवस दुखणे वाढेल हे आधीच सांगितले. ते न सांगितल्यास रुग्ण चौथ्या दिवशी पुन्हा मेडिकलच्या दारात उभा राहतो. मायग्रेन रोखण्यासाठी प्रोप्रानोलॉल स्वस्त आणि चांगले आहे, पण त्यांना तंबाखूच्या धुळीने दम लागत असे आणि दम्यात ते औषध चालत नाही. म्हणून रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन सुरू केले आणि सहा-आठ आठवडे धीर धरायला सांगितले. मोठा हल्ला आला तर सुरुवातीलाच पॅरासिटामॉल पूर्ण मात्रेत आणि सोबत उलटीची गोळी, तेही आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस.

विड्यांचे काम सोडा, असे मी म्हणू शकत नव्हते, कारण घर त्यावर चालत होते. पाठ भिंतीला टेकवून बसायचे, मांडीवर जाड उशी ठेवून सूप उंच घ्यायचे, दर शंभर विड्यांनंतर उठून पाणी प्यायचे आणि खांदे फिरवायचे, एवढे ठरले. कपाळावर तळहात ठेवून मान न हलवता हळूच दाब देण्याचा व्यायाम मी त्यांच्याकडून तिथेच करून घेतला. मे महिन्यात इकडे पारा चाळिशीपार असतो आणि त्या मात्र काम थांबू नये म्हणून पाणी कमी पीत होत्या. गुरुवारी आणि एकादशीला उपास, त्यात दुपारपर्यंत फक्त चहा. उपास सोडा असेही मी म्हटले नाही. उपासाच्या दिवशी सकाळीच शेंगदाणे, राजगिरा, केळे असे काही पोटात गेले पाहिजे, असे सांगितले. उपाशीपोटी राहणे, उन्हाचा तडाखा, अपुरी झोप आणि पाळीचे दिवस ही त्यांच्या हल्ल्यांची निमित्ते होती.

त्यांना लिहिता-वाचता बेताचेच येत होते, पण विड्यांची मोजणी त्यांच्या बोटांत मुरलेली होती. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयाचा उपयोग केला. डोके दुखले तर त्या तारखेवर लाल टिंब, चक्कर आली तर गोल, गोळी घेतली तर फुली.

पहिले दहा दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी त्या रडवेल्या होऊन आल्या. मी धीर दिला, गोळीचे वेळापत्रक पुन्हा समजावले आणि आठवडाभर रोज संध्याकाळी फोन केला. जूनच्या पानावर टिंबांची रांग विरळ होऊ लागली. जुलैअखेर त्या पाने घेऊन आल्या तेव्हा महिन्यात ७ टिंबे, ४ गोल आणि ५ फुल्या होत्या. तीन टिंबे पाळीच्या आसपासची होती आणि एक आषाढी एकादशीचे. ‘त्या दिवशी चुकलंच,’ त्या म्हणाल्या, ‘दर्शनाच्या रांगेत उभी होते, पाणीसुद्धा नाही घेतलं.’ मान अजून कामाच्या शेवटी दुखते, पण ते दुखणे वेगळे आणि रात्री शेक घेतला की जाते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले.

ऑगस्टमध्ये त्या पुन्हा आल्या, या वेळी नववीतल्या मुलीला घेऊन. शाळेतून आली की मुलीचे डोके दुखते, चष्म्याचा नंबर तपासला तर काही निघाले नाही, आणि शेजारणी पित्त म्हणत होत्या. मी प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी घडी घातलेली कालनिर्णयाची दोन पाने माझ्यापुढे ठेवली. मुलीची टिंबे त्यांनी निळ्या शाईने केली होती, म्हणजे आपल्यात मिसळायला नकोत.