चिंगीची खाज आणि माझी वही

मंगळवार, रात्री

पोटाची टकली जागा वाढलीय. लांबून कळतच नाही, कारण आमच्या मांजरीचं, चिंगीचं, पोट मुळात पांढरं. उताणी झोपल्यावर बोट फिरवलं की समजतं: केस पार गेलेले नाहीत, आखूड खुंट उरलेत. मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी केसांच्या उलट्या दिशेने हात नेला तर बारीक बारीक खपल्या रवाळ लागतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, बोटांनाच सापडतात.

घरात सगळ्यांचं एकच, "मांजरं चाटतातच." चाटतात ना! जागेपणीचा बराच वेळ त्यातच जातो त्यांचा. म्हणून तर त्यांची खाज चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. कुत्रं कसं मागच्या पायाने कराकरा खाजवतं, अख्ख्या घराला ऐकू जातं. मांजर मात्र कपाटावर नाहीतर पलंगाखाली जाऊन गुपचूप चाटत बसतं. त्यांच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात, त्यामुळे एकाच जागी सारखं चाटलं की केस तुटतात आणि तुटलेले पोटात जातात. हल्ली ओकारीत केसांचे गोळे जास्त दिसतात, ते त्यामुळेच.

डॉक्टरांनी आज पोटावरचे चार केस चिमट्याने उपटले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मलाही बघायला दिले. मुळं धड होती, टोकं मात्र तुटकी, फाटकी. "आपोआप गळत असते तर राहिलेल्या केसांची टोकं निमुळती दिसली असती. हिचे गळत नाहीयेत, ही तोडतेय," त्या म्हणाल्या. फक्त पोटच चाटणारं मांजर असेल तर मूत्राशय दुखतंय का, हेही बघतात म्हणे. मानेवरच्या खपल्यांमुळे आमचा रोख त्वचेकडे वळला.

शुक्रवार

पिसवा. "पण ती घराबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही हो," हे मी म्हटलंच, आणि डॉक्टरांना ते वाक्य रोज ऐकावं लागत असावं. पिसवा माणसांच्या कपड्यांवरून, आलेल्या-गेलेल्यांच्या पाळीव प्राण्यांवरून घरात येतात. शिवाय कोषातली पिसू अनुकूल वेळ येईपर्यंत महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकते.

बारीक दातांच्या कंगवीने अंग विंचरलं आणि जे काही निघालं ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकलं. काळे कण विरघळून त्यांना तांबूस कड आली, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी धूळ असेल तर रंग सुटत नाही. आमच्या कागदावर तांबूस काही उमटलं नाही.

पण त्यावरून पिसवा नाहीतच असं म्हणता येत नाही. खाज असलेलं मांजर इतकं चाटतं की पुरावाच गिळून टाकतं. आणि ॲलर्जी असते ती पिसूच्या लाळेची, त्यामुळे थोडेसे चावेदेखील पुरतात. तेव्हा दिसो न दिसो, औषध सुरू. तेही एकट्या चिंगीला नाही, तिच्या भावालाही, जो ढिम्म आहे आणि ज्याला काहीच होत नाही. ठरल्या तारखेला, न चुकता.

शेजारच्या काकू मायेपोटी त्यांच्या कुत्र्याचे मानेवर टाकायचे थेंब घेऊन आल्या. मी ते हातातही घेतले नाहीत. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराला मात्र झटके येतात, जीवही जाऊ शकतो. टी ट्री तेलाचंही तसंच. "नैसर्गिक आहे" हे ऐकलं की मी हल्ली दोन पावलं मागे सरकते.

रविवार

वहिनी म्हणाली, "कंटाळली असेल गं, दिवसभर घरात एकटी. मनाचं असेल."

मलाही हे पटकन पटलं असतं. पटायला किती सोयीचं! पण 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांचं चाटणं मानसिक असावं असा संशय होता, अशा 21 मांजरांची त्यात नीट तपासणी केली. त्यातली फक्त 2 निव्वळ मानसिक कारणाची निघाली. बहुतेकांना शारीरिक कारण सापडलं, आणि त्यात ॲलर्जीच पुढे. तेव्हा "मनाचं आहे" हे सगळ्यात शेवटी म्हणायचं. खेळवायचं मात्र रोज. त्याने नुकसान काहीच नाही.

बुधवार

बाकीचे संशयित एकेक करून बाद. कानात काळपट चुरा नाही, म्हणजे कानातले माइट, खाज आणणारे बारीक किडे, दिसत नाहीत. त्वचेच्या खरवडीत काही नाही. गजकर्णाची तपासणीही झाली, कारण तो बुरशीचा रोग घरातल्या माणसांनाही लागतो आणि दरवेळी ठरावीक गोल चट्टा उठतोच असं नाही. तोही नाही.

रक्ताच्या तपासणीतून अन्नाची ॲलर्जी कळेल का, असं विचारलं. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. त्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच, आणि तो कंटाळवाणा: सगळं बंद करून एकच ठरावीक खाणं. निदान आठ आठवडे. अन्नाचीच ॲलर्जी असेल तर बहुतेक मांजरांत तेवढ्या मुदतीत फरक दिसतो.

सोमवार

नवं खाणं म्हणजे प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले की शरीराला ती ओळखू येऊ नयेत. चिंगीला ते ओळखू आलं नाही, हे नक्की. हुंगलं, पंजाने बशीभोवतीची फरशी खरवडली, जणू पुरून टाकतेय, आणि निघून गेली.

भूक लागली की खाईल झक मारत, हा नियम मांजराला लावायचा नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिलं, त्यातून जाडजूड असलं, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. म्हणून जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं मिसळत नेलं. जुनं पूर्ण सुटलं त्या दिवसापासून आठवडे मोजायला घेतलेत.

खरी अडचण मांजराची नाहीच, घराची आहे. जेवणानंतर सासरे टेबलाखाली हात नेतात, हे मला आवाजावरून कळतं.

"बाबा, काही दिलंत का?"

"एवढासा माशाचा तुकडा गं. एवढ्याने काय होतंय?"

"बाबा, तिला माशाचीच असेल तर?"

"मग इतकी वर्षं कशी खात होती?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही सोपं आहे: इतकी वर्षं खाल्लं म्हणूनच. शरीर ॲलर्जी धरतं ती पुन्हा पुन्हा भेटलेल्या पदार्थाची. मांजरांत सगळ्यात जास्त आढळते ती गोमांस, मासे आणि कोंबडी यांची, म्हणजे त्यांच्या बशीत नेहमी पडणारं तेच. बाबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी टेबलाखाली हात गेला नाही. भावाची बशी आता बंद दाराआड. मांसाची चव लावलेली गोळीसुद्धा चालत नाही, तिच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारायचं.

शनिवार, पहाटे

झोप नाही. मानेवरची खपली तिने रात्री ओरबाडून काढली, मागच्या पायाच्या नखांनी. ओलं, लालबुंद. गळ्यात कॉलर घातली की भिंतींना आपटत फिरते आणि माझ्याकडे अशी बघते की मीच आरोपी.

डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन दिलं. स्टेरॉइड म्हटल्यावर माझा चेहरा पडला असणार. त्यांनी समजावलं: खाजेने जखम, जखमेत जंतू, जंतूंमुळे आणखी खाज, हे चक्र आधी तोडायचं, मग हळूहळू कमी करत बंद करायचं, मनाने एकदम थांबवायचं नाही. दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन पुन्हा पुन्हा घेत राहणं त्यांना पसंत नाही, कारण मांजरांत त्यातून मधुमेह ओढवू शकतो. पुढे लागलंच तर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध आहे, पण त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. कुत्र्यांना देतात ते खाजेचं नवं इंजेक्शन, लोकिव्हेटमॅब, मांजराच्या कामाचं नाही. ते कुत्र्याच्या शरीरासाठीच घडवलेलं आहे.

आता खाज कमी झाली तर ती खाण्यामुळे की गोळीमुळे? गोळी संपल्यानंतरचे आठवडे त्यासाठीच धरायचे. या वहीचा उपयोग तिथे आहे. एका वेळी एकच बदल, आणि तारीख. मध्येच शाम्पू आणला, वाळू बदलली, वहिनीने सांगितलेलं तेल लावलं, की सगळा हिशेब गेला. हे पाळणं माझ्या स्वभावाला जड जातं. काहीतरी करत राहिलं की बरं वाटतं मला. मांजराला वाटतं की नाही हा वेगळा मुद्दा.

गुरुवार

गोळी संपून बरेच दिवस झाले. पोटावर लव आली आहे. मोबाइलमधले फोटो शेजारी शेजारी ठेवले तरच पटतं. मानेवर हात फिरवला: खपल्या आहेत, पण शोधाव्या लागतात.

खाज पूर्ण गेली नाही याचं मला वाईट वाटलं, डॉक्टरांना अजिबात नाही. त्यांच्या मते एकाच मांजराला दोन-तीन ॲलर्जी असू शकतात. अन्नाची थोडी, धुळीतल्या माइटची थोडी, त्यात एखादी पिसू. प्रत्येक कारण एकेकटं सहन होतं. मिळून मर्यादा ओलांडली की ती चाटायला लागते. त्यातलं एक काढलं तरी ती पुष्कळदा मर्यादेच्या खाली येते. म्हणजे खाज शून्यावर आणण्याचा हट्ट मी सोडलेला बरा. तिला झोप लागावी, जखम होऊ नये, इतपत पुरे. तिची पांघरुणं मात्र आता गरम पाण्यात, 60 अंशांवर धुते. माइट त्यात मरतात.

रविवार

आठवडे पुरे झाले, आणि आता ज्याची मला धास्ती होती ते: जुनं खाणं परत द्यायचं. मुद्दाम. अन्नाची ॲलर्जी असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत खाज उलटते, आणि तेव्हाच ती सिद्ध होते. नाहीतर हे महागडं खाणं तिला जन्मभर उगाचच घालत राहीन. काटेकोर अर्थाने हे बरोबर आहे. पण बरं होत आलेलं पोट पुन्हा बिघडवायला हात धजत नाही.

तरी करणार. आधी मासे, एकटे, बाकी काही नाही. चाटायला लागली की त्याच क्षणी बंद, आणि पुन्हा नव्या खाण्यावर. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता मी देऊ शकतो?"

"हो. पण मोजून, आणि वहीत लिहून."

त्यांनी चष्मा शोधायला घेतलाय.