हात वाकत होता की, मग ऑपरेशन कशाला?

माझ्या उजव्या कोपराकडचं बायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूचं, टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) तुटलं, त्याचं ऑपरेशन का केलं ते तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो, कारण उद्यमनगरात चहाला उभं राहिलं की कोणीतरी हमखास विचारतंच, "हात वाकत होता की तुझा, मग ऑपरेशन कशाला करून घेतलंस?" आणि अर्ध्या कपात हे सांगून होत नाही.

लेथ मशिनचा चक, म्हणजे कातायचा तुकडा घट्ट पकडणारा जड भाग, उतरवत होतो, दोघांनी धरलेला. समोरच्याच्या हातातून सुटला आणि सगळं वजन माझ्या उजव्या हातावर आलं. कोपर काटकोनात, मी वर ओढतोय आणि वजन हात खाली सरळ करतंय, त्यात कोपराच्या खळगीत टप्पकन आवाज झाला, भिजलेली दोरी तुटल्यासारखा. तासाभरात दुखणं कमी झालं. संध्याकाळी कोपर आतून काळंनिळं आणि दंडाची बेटकुळी वर सरकलेली.

पण हात वाकत होता, आणि फसायला होतं ते इथंच. बायसेप्सच्या खाली ब्रेकियालिस म्हणून दुसरा स्नायू असतो, वाकवायचं बरंचसं काम तो करतो, त्यामुळं बायसेप्सचं टेंडन हाडापासून पार सुटलं तरी हात वाकतो आणि आपल्याला वाटतं लचकलंय, शेकलं की जाईल. मी आठ दिवस तालमीतल्या एका जुन्या माणसाकडून तेल लावून चोळून घेतलं. त्यांनी मायेनं केलं, राग नाही, पण सुटलेलं टेंडन चोळून परत हाडाला चिकटत नसतं, आणि ते आठ दिवस मोलाचे होते.

नवव्या दिवशी स्क्रू आवळायला गेलो तर हातात जोरच नाही. सोडवताना जोर लागतोय, आवळताना नाही. डॉक्टरांनी हे ऐकलं आणि लगेच माझं कोपर काटकोनात धरून, तळहात माझ्याकडं वळवून, बाहेरच्या बाजूनं त्यांचं बोट खळगीत घातलं. चांगल्या हातात तिथं ताठ दोरी लागते, बोट तिच्याखाली आकड्यासारखं अडकतं. माझ्या उजव्या हातात बोट कशालाच अडकलं नाही. एमआरआय नंतर झाला, पण मला तेव्हाच कळलं होतं.

तळहात वरच्या बाजूला फिरवायला खरा जोर बायसेप्स देतो, आणि उजव्या हातानं स्क्रू आवळणं म्हणजे तेच फिरवणं. नुसतं सोडून दिलं तर वाकवायची ताकद साधारण 30 टक्के आणि फिरवायची 40 टक्के कमी राहते असं सांगितलं. लेथ चालवणाऱ्या टर्नरला हे परवडत नाही. जोडायचं तर दोन-तीन आठवड्यांच्या आत, नाहीतर टेंडन वर आखडून चिकटतं आणि मग दुसरीकडून तुकडा आणून जोडायची वेळ येऊ शकते.

आता शेजारच्या आण्णांचं उदाहरण सगळे देतात, त्यांचं तर ऑपरेशनशिवाय बरं झालं म्हणून. अहो, त्यांचं खांद्याकडचं तुटलं होतं. बायसेप्सला वर दोन टेंडन असतात, एक गेलं तरी दुसरं धरून ठेवतं. कोपराकडं एकच असतं. खांद्याकडचं तुटलं की बेटकुळी खाली उतरते, कोपराकडचं तुटलं की वर चढते, एवढं तरी लक्षात ठेवा. वय जास्त असेल, जड काम नसेल तर कोपराचंही काहीजण तसंच ठेवतात, ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

माझं दहाव्या दिवशी झालं. टेंडनचं टोक मजबूत दोऱ्यानं शिवून, हाडाला भोक पाडून आत ओढलं आणि पलीकडच्या बाजूला धातूचं बारीक बटण आडवं अडकवलं, काजातून गुंडी गेली की आडवी होऊन बसते ना, तसं.

खरी परीक्षा पुढं. दोन आठवडे कोपर काटकोनात बांधलेलं, मग डाव्या हातानं उजवा हात हळूहळू सरळ करायचा. सहा आठवडे उजव्या हातानं दुधाची पिशवीसुद्धा उचलायची नाही. टेंडनला रक्तपुरवठा कमी, हाडात रुजायला वेळ लागतो, आणि दुखणं मात्र लवकर थांबतं, म्हणून याच काळात माणूस घाई करतो. बायको पिशवी हातातून काढून घ्यायची, तिच्यामुळं टिकलो. फिजिओ मॅडम हातोडी दांड्याच्या टोकाला धरून सावकाश फिरवायला लावायच्या, पहिल्या दिवशी हातोडी थरथरत एका बाजूला कलली आणि डोळ्यात पाणी आलं. तिसऱ्या महिन्यात अंबाबाईच्या देवळात उजव्या तळहातावर तीर्थ घेतलं, न सांडता.

लेथवर पाचव्या महिन्यात उभा राहिलो. मनगटाकडं अंगठ्याच्या बाजूला एक पट्टा अजून बधिर आहे, तिथली त्वचेची नस ऑपरेशनात ताणली जाते, हळूहळू कमी होतंय. स्क्रू पूर्वीसारखा आवळतो. चक मात्र आता हातानं उतरवत नाही, लेथच्या वर चेन ब्लॉक, म्हणजे साखळीनं वजन उचलायची कप्पी, बसवून घेतलाय, आणि जोडीदारालाही हातानं उतरवू देत नाही.