ऊन बघून भाजणी : आमच्या फराळाची वाटचाल

घाण्यातली पहिली चकली गार झाली की मी ती कानाजवळ नेऊन मोडते. कट्‌कन आवाज आला तर पुढचा घाणा. ही सवय सासूबाईंची. त्या म्हणायच्या, "जिभेला नंतर कळतं, कानाला आधी." आमच्या कोथरूडच्या कारखान्यात आज चौदा बायका काम करतात आणि हंगामात दीड टनाच्या आसपास फराळ बाहेर पडतो. तरी पहिली चकली कानाशीच मोडली जाते.

सुरुवात झाली 2012 साली. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती आणि दिवाळी उशिरा होती, लक्ष्मीपूजन 13 नोव्हेंबरला. सोसायटीतल्या तीन घरांनी चकली आणि चिवडा मागितला, मग त्यांच्या भावजयांनी, मग ऑफिसातल्यांनी. दहा दिवसांत अकरा किलो माल गेला. हवा इतकी कोरडी होती की गच्चीवर पसरलेले पातळ पोहे तासाभरात चुरचुरीत व्हायचे. तळलेली चकली परातीत उघडी राहिली तरी संध्याकाळपर्यंत कुरकुरीत. मला वाटलं, हात चांगला आहे आपला. हात होताच, पण त्यातलं निम्मं श्रेय त्या हवेचं होतं, हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली.

आपला सगळा फराळ ऑक्टोबर हीटवर उभा आहे. पाऊस संपतो, आभाळ निवळतं, दुपारचं ऊन चटके देतं, मग घरोघरी धान्य धुवून पसरायचं, भाजणी करायची, पोह्यांना ऊन दाखवायचं. दसरा ते वसुबारस हे सोळा-सतरा दिवस म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांचं वेळापत्रक. आणि ते हवेकडे बघूनच ठरलेलं होतं.

आता दोन्ही बाजूंनी हे वेळापत्रक विस्कटलं आहे. पाऊस लवकर जात नाही. 2020 साली हवामान खात्यानेच मान्सून परतीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून तो निघण्याची तारीख आता 8 ऑक्टोबर धरतात. त्यानंतरही तो वळून येतो, ते वेगळंच. आणि गिऱ्हाईक मात्र दर वर्षी थोडं आधी येतं. पूर्वी नवरात्रात फोन सुरू व्हायचे. आता गौरी-गणपतीच्या आरतीला आलेली मंडळीच विचारतात, "काकू, यंदा लेकीला टेक्सासला पाठवायचंय, कधी तयार होईल?" ऑफिसांच्या भेटवस्तूंची ऑर्डर तर श्रावणातच पक्की करायची असते. म्हणजे चकलीची मागणी ऐन ओल्या हवेत, जेव्हा मीठसुद्धा बरणीत पाझरतं.

या ओढाताणीत आम्ही काय काय शिकलो, ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

2019 साली दिवाळी ऑक्टोबरअखेर होती, लक्ष्मीपूजन 27 तारखेला. 25 सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर भागात राहणाऱ्या आमच्या एका मावशींच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं. आठ दिवस त्या कामाला येऊ शकल्या नाहीत. आल्या त्या दिवशी म्हणाल्या, "ताई, घरात सगळं ओलंय, इथं कढईपाशी बरं वाटतं." त्या वर्षी माल किती गेला ते मला नीट आठवत नाही, पण तेव्हापासून प्रत्येकीच्या हंगामाच्या पैशांतला चौथा हिस्सा मी गणपतीआधीच हातात देते. पावसाचं नुकसान आधी त्यांच्या घरी पोचतं, मग माझ्या.

आणि 17 ऑक्टोबर 2022. वसुबारस चार दिवसांवर आलेली. दिवसभर तळून साठ किलो चकली परातींत गार करायला ठेवली होती. गरम चकली पिशवीत भरता येत नाही, वाफ धरते. रात्री पाऊस असा कोसळला की पुण्याचे रस्ते ओढ्यासारखे वाहत होते. वीज गेली, पंखे बंद, दारातून गारठलेली ओली हवा आत. आम्ही चौघी मेणबत्त्यांच्या उजेडात परातींवर सुती पंचे आणि त्यावर प्लास्टिक घालत बसलो. पहाटे पाचला मी एक चकली कानाशी नेऊन मोडली. आवाजच आला नाही. वाकली आणि मग तुटली.

साठच्या साठ किलो सादळली होती. भट्टीच्या मंद आचेवर पुन्हा शेकून ती कडक करता आली असती, आणि दोन दिवस टिकलीही असती. पण परदेशात पोचायला आठ-दहा दिवस लागतात; डबा उघडल्यावर तिकडे खवट वास आला असता. मी ती विकली नाही. बायकांनी घरी नेली, उरलेली शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना दिली. पंचवीस गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन केला. एकोणीस जण थांबले. एका कंपनीने मोठी ऑर्डर रद्द केली, आगाऊ रक्कम परत मागितली, मी ती दिली. त्या दिवाळीत माझे दागिने गहाण होते. हे लिहिताना आजही घसा दाटतो.

त्यानंतर मी पहिली खरेदी केली ती आर्द्रता मोजणाऱ्या घड्याळाची. सप्टेंबरात ते आमच्या खोलीत 85 टक्के दाखवायचं, कोजागिरीनंतरच्या निवळ दुपारी 40. मग एक खोली वेगळी काढली, तिला दार बसवलं आणि हवेतला ओलावा ओढणारं यंत्र लावलं. तळलेला माल आता तिथेच गार होतो. इन्व्हर्टरची पहिली तार त्या खोलीला. चकलीच्या पिशवीत नायट्रोजन भरतो. व्हॅक्यूम केलं तर तिचा चुरा होतो. पोह्यांसाठी ट्रे ड्रायर घेतला. कढईत भाजलेले पोहे आक्रसतात, उन्हातले फुललेले राहतात, ड्रायरचे या दोहोंच्या मधले. ऊन पडलं की मी अजूनही गच्चीवरच पसरते.

क्रमही बदलला. परदेशी पार्सलांत आधी बेसन लाडू आणि शंकरपाळी, कारण त्यांना हवा फारशी बाधत नाही. भाजणी मे महिन्यातच भाजून ठेवते (तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, मूग एक, उडीद एक, वर धने-जिरे), कडक उन्हात धुवून वाळवलेल्या धान्याची, आणि लागेल तशी दळून आणते. दळलेलं पीठ साठवलं की चकलीचा स्वाद उतरतो, म्हणून साठवते ते भाजलेलं धान्य.

अनारशांशी मात्र तडजोड होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कपड्यावर पसरायचे. हाताला ओल लागावी पण तांदूळ बोटांना चिकटू नये, त्या घडीला उचलून दळायचे. ओल्या हवेत ती घडी येतच नाही. बाहेरून वाळलेला वाटतो, आत पाणी धरून असतो. मग गूळ मिसळला की पीठ सैल पडतं आणि तुपात सोडल्यावर अनारसा हसतो, जाळी पडायच्या आधीच विरघळून पसरतो. 2023 साली अधिक श्रावण आला, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, ऐन पावसात. जावयाच्या वाणाला तेहेतीस अनारसे हवेत म्हणून रोज फोन. पहिली दोन भिजवणं वाया गेली. तिसऱ्याला आम्ही त्या कोरड्या खोलीत, घड्याळाचा काटा 55 वर आल्यावर तांदूळ पसरले. मग जमलं. मी फक्त चाळीस घरांचं वाण घेतलं, बाकीच्यांना हात जोडून नाही म्हटलं.

2025 हे वर्ष तर सगळंच एकत्र घेऊन आलं. मान्सून 26 मेला पुण्यात दाखल, माझी निम्मी भाजणी तशीच राहिलेली. गणपती 27 ऑगस्टला, दिवाळी 21 ऑक्टोबरला. त्यातच अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची करमाफी 29 ऑगस्टपासून काढली आणि टपालाने तिकडे पार्सल जाणंही थांबलं. तिकडच्या लेकींना मी स्पष्ट सांगितलं, खाजगी कुरिअरने पाठवते, खर्च एवढा येईल, परवडलं तरच घ्या. निम्म्यांनी घेतलं. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. छापलेल्या पिशव्यांवर नवी किंमत चिकटवत आम्ही रात्री जागलो, पण चिवडा स्वस्त झाला याचा आनंद होता. आमचं गिऱ्हाईक पगारदार आहे, त्याला दहा-वीस रुपयांचाही फरक पडतो.

लोक विचारतात, इतकी यंत्रं आली तर बारा महिने चकली का विकत नाही? विकता येईल. पण दिवाळीची चकली त्या हवेची असते, असं मला मनापासून वाटतं, आणि लवकर हवी असणाऱ्यालाही मी त्याला काय मिळेल ते आधी सांगते. श्रावणात मागणी करणाऱ्यांच्या यादीवर आम्ही दोन खुणा करतो : लाडवाला लाल, "आता जाईल". चकली-अनारशाला निळी, "हवा बघून".

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मेपासून 15 जूनपर्यंत. वाणाचे फोन आत्ताच सुरू झालेत. गेल्या वर्षीचा मे आठवून मी थांबणार नाही. अनारशाचं पीठ मुरलं की उलट चांगलं होतं, म्हणून वळवाच्या सरी सुरू व्हायच्या आत उरकायचं ठरवलं आहे. चाळीस किलो तांदूळ काल दारात उतरले. पुढच्या आठवड्यात मावशी ते भिजत घालतील.