च्याव लान तलावात कयाकने प्राणी पाहताना

प्राणी बघायचे असतील तर दाट जंगलात चालण्यापेक्षा पाण्यावर बसणं जास्त फळतं, असं खाव सोकहून आल्यापासून माझं मत झालं आहे. पायवाटेवर समोर पानांची भिंत असते. तलावातून मात्र काठावरची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खी दिसतात, आणि या जंगलाचा निम्मा कारभार शेंड्यावरच चालतो.

खाव सोक हे दक्षिण थायलंडमधलं राष्ट्रीय उद्यान, सुरात थानी प्रांतात. (हे नाव आपल्या सुरतेवरून आलंय आणि तिथली नदीही तापीच. 1915 मध्ये राजा वजिरावुध यांनी ही नावं ठेवली. हे कळल्यावर दादा प्रवासभर भेटेल त्याला तेच सांगत होता.) उद्यानाच्या पोटात च्याव लान तलाव आहे. तलावावर तरंगणाऱ्या तराफ्यावरची खोली ठरवताना मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, मिळते का, आणि ती पहाटे नेता येते का. पहाट हातची गेली तर बाकीचं सगळं फक्त फोटोपुरतं उरतं.

धक्क्यावर उद्यानाचं तिकीट काढायचं. परदेशी पर्यटकांना दर वेगळा आणि अर्थातच जास्त. रोख बाथ जवळ ठेवा, पुढे एटीएम नाही. फोनची रेंजही थोड्याच वेळात जाते. तिथून लांब शेपटाची होडी. गाडीचं इंजिन, त्याला जोडलेला लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा अशी ही रचना. आवाज असा, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त ओठ हलताना दिसतात. या आवाजात एकही प्राणी दिसणार नाही हे उघड होतं. दिसले ते चुनखडीचे सरळसोट कडे, आणि पाण्यातून वर आलेले वठलेल्या झाडांचे शेंडे.

ते शेंडे बघून आधी वाचलेलं सगळं आठवलं. हा तलाव नैसर्गिक नाही. रात्चप्रफा धरण 1987 मध्ये पूर्ण झालं आणि सुमारे 165 चौरस किलोमीटरचं खोरं पाण्याखाली गेलं. टेकड्यांचे माथे तेवढे बेटं होऊन उरले आणि प्राणी त्यांच्यावर अडकले. सुएब नाखासाथियन या वनाधिकाऱ्याने माणसं घेऊन होड्यांतून हजाराहून जास्त प्राणी बाहेर काढले, पण त्यातले कितीतरी नंतर दगावले. पुढे 1990 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. थायलंडमध्ये वन्यजीव संरक्षणाची गोष्ट निघाली की आजही त्यांचं नाव निघतंच.

आता कयाक. आमची दोघांची, वरून उघडी, प्लास्टिकची. दादा पाठीमागे, मी पुढे. नियम सोपा आहे: पुढच्याने ताल धरायचा, पाठीमागच्याने दिशा सांभाळायची. दादाला तालही आपलाच हवा होता, त्यामुळे वल्ह्यावर वल्हं आपटत आम्ही बराच वेळ तराफ्याभोवतीच फिरलो. "दादा, तू माझ्याकडे बघ, पाण्याकडे नको!" "अगं, तू आधी एका लयीत मार ना!" गाईड तराफ्यावर बसून हसत होता. मग त्याने हातवारे करून मुद्द्याची गोष्ट दाखवली: दंडाने ओढू नका, कमरेतून वळा. वल्ह्याचं पातं पायाच्या पंजाजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेजवळ आलं की बाहेर काढायचं. त्याहून पाठीमागे नेलं तर कयाकचं नाक फिरतं आणि ताकद फुकट जाते. हे जमल्यावर कयाक सरळ जायला लागली आणि खांदेही भरून येईनात. होडीची लाट आली तर कुशीवर घ्यायची नाही, नाक तिच्याकडे तिरकं वळवायचं. वठलेल्या खोडांपासून लांब राहायचं, कारण वर दिसतं तेवढंच खोड नसतं, पाण्याखाली फांद्या पसरलेल्या असतात.

पहाटे निघालो तेव्हा धुकं पाण्याला टेकलेलं होतं. वाटेतली दोन छोटी बेटं मला फार मोहक वाटत होती, पण गाईडने तिकडे बघितलंही नाही. त्याला कारण आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथली 16 बेटं तपासली होती. तलाव भरल्यापासून पंचवीसेक वर्षांत तिथले मूळचे छोटे सस्तन प्राणी जवळजवळ संपले होते आणि बाहेरून शिरलेल्या उंदरांचं राज्य झालं होतं. बेट लांबून कितीही हिरवंगार दिसू दे, बघायचं असेल तर सलग जंगलाचा काठ धरायचा.

काठापासून बऱ्यापैकी लांब असतानाच वल्ही मांडीवर आडवी घेतली आणि कयाक वाहू दिली. इंजिन नसल्याचा खरा फायदा इथे कळतो: कान मोकळे असतात. आधी गिबन ऐकू आले, माकडांसारखेच पण बिनशेपटीचे, झाडांवर राहणारे प्राणी. मादीचा आवाज हळू सुरू होतो, चढत चढत शिखराला जातो, आणि ती थांबता थांबता नर छोटंसं उत्तर देतो. आवाज कड्यांवर आपटून येतो, त्यामुळे दिशा कळत नाही. मी दुर्बिणीने भलतीकडेच शोधत होते. गाईडने युक्ती सांगितली, आवाजाच्या मागे लागू नका, हलणारी फांदी शोधा. वारा नव्हता, म्हणजे जी फांदी हलते तिच्यावर कुणीतरी आहे. तसे ते दिसले, फिकट रंगाचा एक आणि काळा एक. शेपूट नाही, नुसते हात. एक हात सुटायच्या आत दुसरा पुढची फांदी धरतो.

डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली वानरं त्याहून कितीतरी सोपी. ती बसून निवांत पानं खातात. एकीच्या पोटाशी नारिंगी पिल्लू होतं. या जातीची पिल्लं जन्मतः त्याच रंगाची असतात, करडा रंग नंतर येतो. धनेश दिसण्याआधी ऐकूच आला, वाफेचं इंजिन धापा टाकतं तसा पंखांचा आवाज. आपल्याकडे कोकणात दिसतो तोच महाधनेश. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो, हे वाचून माहीत होतं. चोचीत फळ धरून उडणारा नर प्रत्यक्ष पाहिला तो इथे. दादाने "ए, तो बघ!" म्हणून आरोळी ठोकली आणि वानरं दिसेनाशी झाली. गाईडने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

हत्ती, गवे या उद्यानात आहेत, आम्हाला दिसले नाहीत, आणि जाहिरातीत दाखवतात म्हणून ते दिसतीलच असं धरून जाऊ नये. ऊन चढलं की प्राणी सावलीत जातात आणि तलावावर वारा सुटतो, म्हणून परतीसाठी अंगात जोर शिल्लक ठेवून वळायचं. डिसेंबर ते एप्रिलमध्ये पाऊस कमी असतो, तेव्हाच जावं. पावसाळ्यात पाणी शिरतं म्हणून काही गुहाही बंद ठेवतात. दुर्बीण मात्र गळ्यात दोरीने बांधलेली हवी. दादाची टोपी तेवढी च्याव लानच्या तळाशी आहे.